कालव्याकाठची वहिवाट

खडकवासल्याहून निघून वडगाव, पर्वती, स्वारगेट यांना वळसे घालीत हडपसरच्या बाजूस जाणारा मुठा उजवा कालवा सरकारदप्तरी पाटबंधारे खात्याची मिळकत असला, तरी त्याच्या काठाने जेथे जेथे झाडांच्या सावलीची चार हात वाट मोकळी राहिली आहे तेथे शेजारच्या वस्तीची वहिवाट केव्हाच रूढ झालेली आहे. अशा वाटांवर सकाळच्या प्रहरी पादचारी आणि सायकलस्वार यांच्यात जे खटके उडतात ते क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाहीत.

ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने येणारा स्वार सेकंदाला सात मीटर अंतर कापतो. म्हणजे घंटी ऐकून, कानटोपी सारून, मान वळवून पाहण्यात एखाद्या वृद्धाचे जे तीन सेकंद जातात, तेवढ्यात वीस मीटर मागे असलेली सायकल त्याच्या पाठीशी येऊन ठेपते, आणि तो बिचकून ज्या बाजूस सरतो नेमकी तीच बाजू स्वारानेही धरलेली असते. अशा वेळी ‘घंटी वाजवली होती’ हा खुलासा मोडलेल्या खुब्याच्या काय कामाचा? तथापि सरसकट मनाईहुकूम काढणेही आम्हांस मान्य नाही. रात्रपाळी उरकून, हँडलला डबा अडकवून, काळ्या सायकलीवरून सावकाश घरी परतणारा पहारेकरी आणि शिरस्त्राण चढवून मनगटावरच्या घड्याळाशी शर्यत लावणारा हौशी स्वार यांना एकाच दंडाने हाकणे हा न्याय नव्हे. निर्बंध वेगावर असावा, आणि चालणाऱ्याचा अग्रहक्क निरपवाद असावा.

इंग्लंडात १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलींना मुभा दिली तीच मुळी पादचारी व घोडेस्वार यांना आधी वाट देण्याच्या अटीवर. पुढे ब्रिस्टल ते बाथ या बंद पडलेल्या लोहमार्गावर १९७९ ते १९८६ या काळात वीसेक किलोमीटरची जी सामाईक वाट घडविण्यात आली तिची ख्याती सर्वत्र झाली. परंतु त्याच देशाच्या सरकारने २०२० साली अभियंत्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत सायकल हे वाहनच समजावे आणि शहरी रस्त्यांवर तिची सोय पादचाऱ्यांहून पृथक् करावी, असे बजावले आहे. अनुभवाअंती आलेले हे शहाणपण आपल्याला आयते मिळत आहे.

पण खरा दोष काठावर नाहीच. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्यात सायकलस्वाराला हमरस्त्यावरून हुसकावून लावले कोणी? २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडा मोठ्या उत्साहाने मंजूर केला. आणि आज जे सायकलमार्ग रस्त्याकडेला दिसतात, त्यांवर दुचाक्या उभ्या आहेत, हातगाड्या आहेत, दर फाटकापाशी एक उतार आणि लगेच एक चढ आहे. मोटारीला रस्ता देऊन उरलेल्या पट्टीवर दोन दुर्बळांना झुंजविण्याचा हा प्रकार आहे, आणि तंटा मिटवावयास तीच महापालिका न्यायाधीश म्हणून बसते! भरधाव जाऊ इच्छिणाऱ्या स्वाराचे स्थान रस्त्यावर आहे; ते त्याला सुरक्षितपणे मिळेपर्यंत तो सावलीत शिरणारच.

खडकवासला ते फुरसुंगी बोगद्यातून पाणी नेण्याची योजना तडीस गेली, की कालव्याची जमीन मोकळी होईल आणि तीवरून मोटाररस्ता काढण्याचा मोह अनेकांना पडेल. तत्पूर्वीच महापालिकेने पाटबंधारे खात्याशी लेखी करार करून या काठाचा नकाशा कायम करावा: तिघांना बोलत चालता येईल एवढी रुंदी प्रथम पादचाऱ्यांची, मध्ये झाडांची रांग, पलीकडे सायकलींची वाट, आणि जागा अरुंद असेल तेथे स्वाराने उतरून चालावे असा स्पष्ट नियम. केवळ पांढरी रेघ ओढून भागणार नाही; ती पहिल्या पावसाळ्यात पुसली जाते. मोटारसायकलींना अटकाव करण्यासाठी तोंडाशी जे खांब रोवावे लागतील, त्यांमधून अपंगांची तीनचाकी अडथळ्यावाचून निघाली पाहिजे, याचे मापही त्याच नकाशावर नोंदवावे.