दहावा खटला

कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांचे आयुष्य बालचरित्राला आयतेच सोयीचे आहे. १९२१ साली अमेरिकेतील न्यू हेवन येथे एका कष्टकरी स्थलांतरित कुटुंबात जन्म. बारा भावंडांतील नववे अपत्य. एका धनिकाने उचललेला शिक्षणाचा भार. वकील म्हणून सर्वोच्च न्यायालयात चालविलेल्या दहा खटल्यांपैकी नऊ खटल्यांत यश. आणि १९६६ साली संघीय न्यायाधीशपद, जे त्यापूर्वी एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला लाभले नव्हते. गुणी मूल, उदार दाता आणि अखेर उच्चासन! अशा थोरांची गोष्ट मुलांपर्यंत बहुधा एवढीच पोहोचते.

ही गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे. आणि मुलांच्या बाबतीत हा अपुरेपणाच घातक ठरतो. तो धनिक, क्लॅरेन्स ब्लेकस्ली, याने उभारलेल्या समाजकेंद्राच्या कारभारात कृष्णवर्णीयांना अधिकार नाही, असे या मुलीने त्याच्यादेखत भरसभेत सांगितले होते. त्यानंतर तो मदतीला पुढे आला. ती मदत आर्जवामुळे नव्हे, तर सडेतोडपणामुळे मिळाली.

शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या ‘ब्राउन’ खटल्याच्या मूळ फिर्यादीचा मसुदा मॉटलींनी केला, हे चरित्रात यावेच. पण त्याच निकालात दक्षिण कॅरोलायनातील एक दावाही सामील होता. मुलांसाठी शाळेची बस द्या, या पालकांच्या मागणीतून तो पुढे उभा राहिला होता. हॅरी ब्रिग्ज पेट्रोल पंपावर राबत, त्यांची पत्नी एलायझा मोटेलमध्ये. अर्जावर सह्या केल्याबद्दल दोघांचीही नोकरी गेली. वकिलाच्या युक्तिवादामागे अशा माणसांची गमावलेली भाकरी असते. तिचा उल्लेख नसेल, तर न्याय ही काही असामान्य व्यक्तींनी दिलेली देणगी आहे, असाच समज मूल करून घेईल.

आणि तो दहावा खटला? १९६५ साली, केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने मृत्युदंड ठोठावलेल्या रॉबर्ट स्वेन या कृष्णवर्णीय तरुणाची बाजू मॉटलींनी मांडली, आणि त्या हरल्या. वर्ण पाहून ज्यूरीतून माणसे वगळण्याविरुद्धची दाद न्यायालयाने तेव्हा फेटाळली. १९८६ साली मात्र त्याला आपली भूमिका बदलावी लागली.

नऊ विजय वाचून मूल टाळ्या वाजवील. दहावा खटला वाचून ते विचारील, न्यायालयच चुकले तर काय करायचे? हा प्रश्न टाळणारे बालचरित्र मुलांना पूज्य व्यक्ती देईल. नागरिकत्व देणार नाही.