आरोग्य बाटलीत नव्हे, घराच्या शिस्तीत

आमच्या परिचयातील एक गृहस्थ. वय साठीच्या आसपास, मधुमेह आठ वर्षांचा जुना. आपल्या परंपरेविषयी त्यांना उदंड अभिमान. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी भ्रमणध्वनीवर पाठविलेल्या संदेशातील एक काढा त्यांनी सुरू केला आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद केल्या. चहात साखरेऐवजी गूळ आला. “हे सारे नैसर्गिक आहे, याने अपाय होत नाही,” असे ते आम्हाला समजावून सांगत. पुढे चार महिन्यांनी चपलेने पायाला झालेली एक क्षुल्लक जखम भरेना. अखेर शस्त्रक्रिया करून पायाची दोन बोटे काढावी लागली.

रुग्णालयात त्यांना भेटून परतताना एक विचार मनातून जाईना. या घरात काढा आला, गूळ आला. पण रात्रीचे जेवण दहाच्या आधी कधी आले नाही. संध्याकाळचा फेरफटका आला नाही. ताटातला भात कमी झाला नाही. निसर्ग बाटलीतून घरात आणला गेला आणि दिनचर्येतून मात्र हद्दपारच राहिला. ही एका घराची गोष्ट असती, तर लिहिण्याचे कारण नव्हते. आपल्यापैकी कित्येक घरांत थोड्याफार फरकाने हेच चालले आहे.

ज्या आयुर्वेदाचे नाव घेऊन हे घडते, तो आयुर्वेद काय सांगतो? चरकसंहितेने प्रमेहाची जी कारणे दिली आहेत, त्यांत आरामात बसून राहणे आहे, अति झोप आहे, दही आहे, नवे धान्य आहे आणि गुळाचे पदार्थही आहेत. म्हणजे ज्या गुळाला आपण ‘नैसर्गिक’ म्हणून निर्दोष ठरविले, त्याची गणना चरकाने कारणांतच केली आहे. आधुनिक शास्त्राचे म्हणणेही वेगळे नाही. गुळातही मुख्य घटक साखरच असते. शरीराला आधार देणाऱ्या तीन उपस्तंभांत चरकाने आहार आणि निद्रा यांना स्थान दिले. औषधाचा क्रम त्यानंतरचा. आपण हा क्रम उलटा केला.

प्रश्न किती मोठा?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत. आणखी १३ कोटी ६० लाख त्या रोगाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. यात बारीक अंगकाठीची माणसेही पुष्कळ आहेत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची अपत्ये यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. मात्र आपल्या बालकांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी अधिक आढळली. मधुमेहाची पूर्वतयारी मातेच्या उदरातच होते, हा त्याचा अर्थ. बहुसंख्य मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची उणीवही दिसली. शाकाहारी कुटुंबांनी ही गोष्ट अभिनिवेश बाजूला ठेवून समजून घ्यावी. दूध-दही नियमित असावे, रक्ततपासणी करावी आणि उणीव असेल तर गोळी घेण्यात कमीपणा मानू नये.

मग दिनचर्येने खरोखर फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजलेला आहे. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. आहार आणि चालण्याचा नियम पाळणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. त्या टप्प्यावर गोळीनेही जवळजवळ एवढेच साधले. घरच्या शिस्तीचे बळ औषधाएवढे ठरले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पण हेही तितकेच लक्षात ठेवावे, की ही माणसे अद्याप मधुमेही झालेली नव्हती. ज्याला रोग जडला आहे, त्याने शिस्त औषधाच्या जोडीने पाळावयाची आहे; औषध कमी करावयाचे ते वैद्याने किंवा डॉक्टरने, शेजाऱ्याने नव्हे. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

घरात काय करावे?

यासाठी खर्च करावा लागत नाही. आपल्या ताटाला डावी आणि उजवी बाजू होती. आज डावीकडची कोशिंबीर चमचाभर उरली आहे, उजवीकडची भाजी तोंडी लावण्यापुरती. मधला भात आणि पोळी तेवढी वाढली. हे प्रमाण पुन्हा बदलावे. मोड आलेली कडधान्ये, वरण, ताक नित्याचे असावे. ज्वारी-बाजरीची भाकरी उत्तमच. पण भाकरी आहे म्हणून चार खाव्यात असे नाही. रात्रीचे जेवण आठच्या आत व्हावे आणि नंतर घरातील सर्वांनी मिळून पंधरा-वीस मिनिटे चालून यावे. रक्तातील साखर त्याने कमी चढते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातील शाळाशाळांतून सूर्यनमस्कार रुजविले. आपल्या घरातील मुलांना ते किती येतात, हे एकदा पाहावे. आणि उपवास करावयाचा तर तो साबुदाणा-बटाट्याचा नसावा. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपल्याच पूर्वजांनी आपल्याला केलेले विनोदी पण रास्त निदान आहे.

एक गोष्ट पुरुषवाचकांसाठी. वरील सारे वाचून मान डोलवावी आणि ‘उद्यापासून कोशिंबीर कर’ असे पत्नीला सांगावे, एवढ्याने काम भागत नाही. काकडी चोचवायला, मटकी भिजवायला, पालेभाजी निवडायला वेळ लागतो, आणि आज घरची स्त्रीही नोकरी करून सातला घरी येते. सर्वांचे आरोग्य एकीच्या कष्टांवर उभे राहणार असेल, तर ते टिकणार नाही. तिचे आरोग्य तर नाहीच नाही. भाजी निवडणारे हात घरात चार असावेत.

त्या गृहस्थांच्या घरी गेल्या महिन्यात पुन्हा जाणे झाले. गोळ्या सुरू आहेत, काढ्याची बाटली दिसली नाही. साडेसातला पाने घेतली होती आणि ते स्वतः, पायात जाड चपला घालून, खुर्चीवर बसून गाजर किसत होते. दोन बोटे गमावल्यावर हे शहाणपण आले, असे तेच म्हणाले. आपण ते काही न गमावता शिकावे, एवढीच वाचकांना विनंती.