तिसऱ्या घंटेच्या आत



दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात एक प्रस्ताव आला. मांडणारी होती नववीत शिकणारी आमची मुलगी. पुण्यात एक असे नाटक लागले आहे की ज्याला रंगमंच नाही, पडदा नाही; प्रेक्षक मध्ये बसतात आणि नाटक त्यांच्या अवतीभवती घडते. "आपण सगळ्यांनी जायचं," ती म्हणाली. सौ.ने होकार दिला, धाकटा तर उड्याच मारू लागला. आई मात्र शेंगा फोडता फोडता म्हणाली, "तुम्ही जा. मी घर राखते. असल्या ठिकाणी माझं काय काम?"

हे "माझं काय काम" मला खटकले. रात्री मी तिला खोदून विचारले, तेव्हा ती बोलली. लहानपणी जत्रेत तमाशा यायचा. "ढोलकीवाला आपला, नाचणारी आपली, सोंगाड्या आपला. पण आम्ही बसायचो पार मागं, बैलगाड्यांच्या पलीकडं. ढोलकी ऐकू यायची, तोंड कुणाचं दिसायचं न्हाई." खेळ आपल्या माणसांनी करायचा आणि पुढची जागा दुसऱ्यांनी घ्यायची, हा हिशोब तिच्या मनात सत्तर वर्षे बसलेला. मी ठरवले, जायचे तर आईला घेऊनच.

खरे म्हणजे प्रेक्षकाला आत ओढणारे नाटक ही काही परक्याची गोष्ट नाही. न्यूयॉर्कमध्ये 2011 ते 2025 असे एक नाटक चालले, त्यात प्रेक्षक मुखवटे घालून मजल्यामजल्यांवरून पात्रांच्या मागे फिरत. कलकत्त्यात बादल सरकार यांनी 1970 नंतर रंगमंच सोडला आणि माणसांच्या मधोमध नाटके केली. पण आपल्या जुन्नर तालुक्यात हे कुणाला नवीन आहे? नारायणगावला राहुट्या पडतात, गावोगावचे लोक तमाशाच्या सुपाऱ्या द्यायला येतात. त्याच नारायणगावच्या विठाबाईंच्या नावाने आज राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. तमाशातला सोंगाड्या समोरच्या माणसाला नाव घेऊन टोमणा मारतो, तेव्हा तो माणूसही खेळात आलाच की! भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे तर वस्तीतल्या मोकळ्या जागेत, लोकांच्या घोळक्यातच होत.

त्याही आधी, 1855 साली, महात्मा फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. भटाने फसवलेले एक कुणबी जोडपे शेवटी शाळेत शिकायला जायचे ठरवते, अशी त्याची गोष्ट. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. तेव्हा नाटकाच्या दारात आपण आज उभे नाही, फार जुने आहोत.

आता मुद्द्याचे. मी कारकून माणूस, वहीत मांडल्याशिवाय मला काही सुचत नाही. आमची आखणी सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट वेळ. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका नाटकाला गेलो होतो. चाकणला गाडी तासभर अडकली आणि आम्ही पोहोचलो तेव्हा तिसरी घंटा होऊन गेलेली. दाराबाहेर उभे राहण्यात निम्मा अंक गेला. दोष आमचाच. साध्या नाटकाला अंधारात चाचपडत तरी जागेवर जाता येते. ज्या नाटकात प्रेक्षकच मध्ये असतो, तिथे उशिरा आलेल्याला बहुधा आत घेत नाहीत. म्हणून बेल्ह्याहून निघताना नेहमीपेक्षा दोन तास हाताशी ठेवावेत. आम्ही पहाटेच निघालो आणि उरलेल्या वेळात मुलांना गंज पेठेतला फुलेवाडा दाखवला.

दुसरी गोष्ट दिवस. सोमवारी आपला बाजार, म्हणून रविवारी रात्री घरी परतायलाच हवे. दुपारचा प्रयोग निवडावा. शिवाजीनगरचा एसटी स्टॅंड 2019 च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवला गेला. परतीची गाडी कुठून आणि किती वाजता, हे जातानाच विचारून घ्यावे. साधेच नाटक बघायचे असेल तर पुण्यापर्यंतही जायला नको. अलीकडे भोसरीला अंकुशराव लांडगे नाट्यगृह आहे.

तिसरी गोष्ट पैसा. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना 2022 पासून एसटी मोफत आहे आणि 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट. आईचे शून्य, सौ.चे अर्धे, मुलीचे अर्धे, दहा वर्षांच्या मुलाचे अर्धे, माझे पूर्ण. पाच माणसे, अडीच तिकिटे! आधारकार्ड मात्र विसरू नये. नाटकाचे तिकीट तीनशे, म्हणजे पाच जणांचे पंधराशे. ते एकदम काढणे जड जाते. आम्ही दर आठवड्याला दीडशे रुपये डब्यात टाकले, दहा आठवड्यांत झाले. भाकरी-चटणी घरूनच नेली. फक्त चहा बाहेरचा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिकीट काढण्याआधी फोन करून विचारावे. उभे राहायचे की बसायचे? जिने किती? अंधार, धूर, मोठे आवाज आहेत का? लहान मुलांना चालेल का? नट अंगाला हात लावतात का, आणि नको असेल तर तसे सांगता येते का? विचारायला लाजू नये, आपण पैसे मोजतो. आईच्या गुडघ्याचे सांगितल्यावर त्यांनी दाराजवळची पाठ असलेली खुर्ची राखून ठेवली.

नाटक होते मुंबईच्या एका चाळीवर, 1982 च्या गिरणी संपाच्या दिवसांतले. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात उतरले होते. खोलीच्या चारही भिंतींना खुर्च्या, मध्ये स्टोव्ह, पाण्याचा हंडा, दोरीवर कपडे. नटी आली आणि आईच्या पुढ्यात तांदळाचे सूप ठेवून म्हणाली, "मावशी, एवढे निवडून द्या, मी पाणी भरून येते." माझ्या पोटात गोळा आला. आई बावरेल, उठून जाईल असे वाटले. तिने पदर खोचला आणि खडे वेचू लागली.

पुढे संप लांबतो. घरात दाणा नाही, नवरा कामावर परत जायचे नाव काढतो. ती बाई आईशेजारी येऊन बसली आणि विचारले, "मावशी, जाऊ देऊ का याला कामावर?" सगळी खोली आमच्याकडे बघत होती. आई सूप पाखडायची थांबली. म्हणाली, "माझा भाऊ गेला न्हाई. आम्ही त्याला येडा म्हणलो." नटी क्षणभर गप्प राहिली. मग तिने आईच्या हातातले सूप घेतले आणि नाटक पुढे गेले.

आम्हाला मामा ठाऊक होते ते शेतावर मजुरी करणारे, मुके. ते परळच्या गिरणीत होते, संपानंतर एक पत्र्याची पेटी घेऊन गावी आले, एवढे मी ऐकले होते. पण फोडून कामावर ये असा निरोप आला असतानाही ते गेले नाहीत, आणि घरच्यांनी त्यांना त्यावरून बोल लावले, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी एसटीत, मंचर ते आळेफाट्याच्या दरम्यान कळले. मुलगी आजीला एकेक विचारत होती, आजी सांगत होती. धाकटा झोपला होता. मामा आता नाहीत; त्यांना काही विचारायचे राहून गेले.

घरी आल्यावर आईने विचारले, "पुन्हा कधी जायचं?" डबा मी रिकामा करून फडताळात ठेवला होता. तिनेच तो काढला आणि त्यात वीस रुपये टाकले.

आपल्या घरातही एक डबा ठेवा. आणि म्हातारी माणसे "तुम्ही जा" म्हणाली तर पहिल्याच वेळी ऐकू नका.