सहलीच्या निबंधातलं 'हॅड'

नवेगावबांधच्या सहलीवर मुलांना इंग्रजीत पाच वाक्यं लिहायला सांगा. कितीतरी वह्यांत 'वुई हॅड गॉन टू नवेगावबांध' सापडेल. पोरं मराठीतून विचार करतात. आपण 'काल गेलो होतो' म्हणतो ना, त्या 'होतो'चं 'हॅड' होतं.

इंग्रजीत जसं घडलं त्याच क्रमाने सांगायचं, तर साधा भूतकाळ पुरतो. 'वुई रीच्ड द लेक, सॉ द बर्ड्स, एट अवर टिफिन अँड केम होम.' मराठीत आपण 'तलावावर पोहोचून, पक्षी बघून, डबा खाऊन घरी आलो' म्हणतो. भूतकाळ एकदाच, तोही शेवटी! इंग्रजीत तो प्रत्येक क्रियापदाला लागतो. ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा.

मग 'हॅड' कधी? 'व्हेन वुई रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' गाडी आधीच सुटलेली, आपण नंतर पोहोचलो. इथे नुसतं 'लेफ्ट' लिहिलं तर आपण पोहोचल्यावर गाडी सुटली, असा अर्थ निघतो.

प्राथमिकच्या मुलांकडून बारा काळांचा तक्ता घोकून घेणं मला पटत नाही. तक्ता पाठ असणारं मूलही सहल लिहिताना अडतं. आणि वही लाल रेघांनी भरली, की ते लिहायचंच सोडतं. त्यापेक्षा विचारा, "हे कशाच्या आधी झालं होतं?" उत्तर नसेल, तर 'हॅड' त्यालाच खोडू द्या.

पालकहो, तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. झोपताना मुलाला दिवसभरात काय-काय केलं ते क्रमाने मराठीतच सांगायला लावा.