घडीची सायकल, उंच हँडल आणि तोकडी वायर

आमचे जळगावचे साडूभाऊ निवृत्त झाले आणि त्यांनी घडीची सायकल घेतली. कारण घरगुती होते. लेक धुळ्याला दिलेली. जळगावहून धुळ्याला एस. टी. एरंडोल, पारोळा करीत थेट जाते. पण साडूभाऊंची भक्ती आगगाडीवर. तेव्हा जळगाव स्टेशनापर्यंत सायकलीवर, तिथे घडी. चाळीसगावला उतरून, 1900 साली सुरू झालेल्या त्या धुळ्याच्या शाखेची गाडी धरायची. आणि धुळ्यास उतरले की सायकल उलगडून नंबरांच्या गल्ल्यांतून लेकीच्या दारात! नातवंडांना आजोबांपेक्षा सायकलीचीच वाट जास्त पाहावी लागते, असे आमच्या मेहुणीचे म्हणणे.

वर्षभराने पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, वाकून बसू नका. साडूभाऊंनी दुकानात जाऊन सरळ हँडल काढवले आणि चांगले चार बोटे उंच असे नवे हँडल बसवून घेतले. दुकानदाराने हँडल बदलले. वायरी जुन्याच ठेवल्या. आठ दिवसांनी साडूभाऊंचा फोन आला, "अहो, ही सायकल वळणावर आपोआप थांबते हो!" त्यांना त्याचे कौतुक वाटत होते. नेहरू चौकातल्या रहदारीत पुढचे चाक आपोआप आवळले गेले तर माणूस हँडलवरून पुढे जातो, हे सांगितल्यावर मात्र ते गप्प झाले.

असे का होते, हे समजून घेतले तर पुढचे काम सोपे आहे. आपल्या लहानपणीच्या काळ्या सायकलीला लोखंडी गजांचे ब्रेक असत. गजाला वळण नाही नि घडीही नाही. आजच्या सायकलीला असते ती बाऊडनची वायर. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाऊडन याने तिचे इंग्लंडमधील पेटंट 1896 साली घेतले. (रॅले कंपनीचे फ्रँक बाऊडन ते निराळे, दोघांची गल्लत फार होते.) हिच्यात दोन भाग: आत पीळ दिलेली पोलादी तार आणि बाहेर आवरणाची नळी. आपण समजतो की काम तार करते, नळी केवळ शोभेची. तसे नाही. तार जितकी ओढते तितकीच नळी उलट बाजूने रेटून धरते. नळी तोकडी पडली आणि हँडल वळवताना तिचे टोक खोबणीतून उपसले गेले, की आतल्या तारेला जास्त वाट चालावी लागते. तार ताणली जाते, आणि ब्रेक लागतो. मूठ कोणी दाबलेलीच नसते!

घडीच्या सायकलीत हा प्रकार दुप्पट. हँडलचा दांडा मोडतो तिथे एक बिजागरी, सांगाड्याच्या मध्यावर बहुधा दुसरी. मागचा ब्रेक आणि गिअर यांच्या वायरी दोन्ही बिजागऱ्या ओलांडतात. बिजागरीच्या बाहेरच्या अंगाने जाणारी वायर घडी करताना ताणली जाते. आतल्या अंगाची सैल पडून फुगते. म्हणून उभ्या सायकलीवर दोरी धरून घेतलेले माप इथे फसते. लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी 1975 च्या सुमारास ज्या ब्रॉम्प्टन सायकलीचे काम हाती घेतले, तिच्यात सखल हँडलसाठी आणि उंच हँडलसाठी वायरींच्या लांब्या निरनिराळ्या असतात, त्या याचसाठी.

मग माप घ्यायचे कसे? आधी हँडल, मुठी, ब्रेकचे दांडे हे सारे कायम जागी घट्ट बसवा. मुठीवर बसून पाहा, मनगट सरळ राहते ना ते पाहा. मगच नळीकडे वळा. नवी नळी न कापता, लांबच्या लांब, तिच्या खऱ्या वाटेने सोडा. आता हँडल पूर्ण डावीकडे वळवा, पूर्ण उजवीकडे वळवा. मग सायकलीची घडी करा. या तिन्ही स्थितींत जिथे सर्वांत जास्त लांबी लागते, तिथे चिकटपट्टीची खूण. त्यावर बोटभर जादा. वाढत्या वयाच्या पोराच्या चड्डीसारखी वीतभर जादा मात्र नको. तो फुगा घडीत चाकाच्या आऱ्यांत शिरतो, किंवा बिजागरीत चिमटतो. कापण्याआधी घडी एकदा पुन्हा घालून उलगडून पाहावी. कापलेली नळी जोडता येत नाही.

कापायला घरातली पक्कड नको, नळी चेपते. वायर कापण्याची धारदार कात्री मिळते, ती आणा. कापलेले तोंड कानशीने सपाट करा, आतले प्लॅस्टिक दाभणाने मोकळे करा आणि टोकांवर धातूच्या टोप्या बसवा. नळी लांब झाली की आतली तारही लांब लागते, हे विसरून दुकानातून जुन्याच मापाची तार आणणारे पुष्कळ. शिवाय तारेच्या डोक्याची गोळी पाहून घ्या: साध्या हँडलच्या ब्रेकला ढोलकीच्या आकाराची लागते.

एका बाबतीत मात्र काटकसर नको. गिअरची नळी ब्रेकला लावू नये. ब्रेकच्या नळीत पोलादाची पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते; गिअरच्या बहुतेक नळ्यांत तारा उभ्या, लांबीच्या दिशेने असतात. ब्रेक जोरात दाबला की त्या फाकून नळी फुटू शकते. दिसायला दोन्ही सारख्याच काळ्या, आणि दुकानदार "चालेल, काका" म्हणतो. काकांनी चालवून घेऊ नये.

तार ओवा, ब्रेकपाशी नटाखाली आवळा. ताण कमीजास्त करणारा पेच त्याआधी जवळजवळ पूर्ण आत फिरवून ठेवा, म्हणजे पुढे वाव राहतो. मग मूठ दहाबारा वेळा करकचून दाबा. नळ्या, टोप्या आपापल्या जागी बसतात आणि तार सैल पडते. ती पुन्हा ओढून आवळा. रबर रिमपासून दोन्ही बाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर दूर, आणि जोरात दाबूनही ब्रेकचा दांडा हँडलला टेकू नये, इतके जमले की झाले. आता चाक उचलून फिरते ठेवा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. चाक कुठेही अडखळता कामा नये.

हात बदलू नयेत हेही पाहावे. आपल्याकडे पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो. हँडल उतरवताना दोन्ही दांडे टेबलावर पडले की उलटसुलट व्हायला वेळ लागत नाही, आणि साठीच्या हाताची सवय ऐनवेळी बदलत नाही.

साडूभाऊंच्या सायकलीला मागची नळी सुमारे सात सेंटिमीटर आणि पुढची पाच सेंटिमीटर वाढवावी लागली. दोनतीन आठवड्यांत नवी तार थोडी सैलावते; तेव्हा पाना नको, तो राखून ठेवलेला पेच अर्धा फेरा बाहेर फिरवला की पुरते. आणि तारेच्या उरलेल्या टोकावर लहान टोपी पक्कडीने दाबून बसवा, नाहीतर पीळ सुटतो आणि चाळीसगावच्या फलाटावर घाईने घडी घालताना ते टोक बोटात शिरते.