ओझू, सतरंजी आणि काळ्या पट्ट्या

"टीव्हीवर ओझू बघतेस? म्हणजे वाटीत समुद्र बघण्यासारखंच की!"

हे वाक्य मला गेल्या काही वर्षांत निदान दहा वेळा तरी ऐकावं लागलंय. ऐकवणारे बहुतेक आमचे फिल्म सोसायटीवाले मित्र. माणसं चांगली आहेत, वाचलेली आहेत, पण 'सिनेमा म्हणजे अंधार, मोठा पडदा आणि शेजारी अनोळखी माणसं' हे त्यांचं सोवळं इतकं कडक, की घरी डीव्हीडी लावून 'टोकियो स्टोरी' बघणाऱ्या माणसाने जणू देवघरात चपला घालून प्रवेश केलाय. आजवर मी हसून सोडून द्यायचे. पण आता जरा भांडायचंच ठरवलंय. हा माझा ब्लॉग आहे, इथे मला कोण अडवणार?

पहिला मुद्दा. हे जे 'मूळ रूपात, मोठ्या पडद्यावर' वगैरे म्हणतात, ते मूळ रूप आपल्याकडे किती जणांनी पाहिलं होतं? 1952 साली भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला आणि मग मद्रास, दिल्ली, कलकत्त्याला गेला. त्यात कुरोसावाचा 'राशोमोन' होता. सत्यजित राय तेव्हा जाहिरात कंपनीत नोकरी करत होते, त्यांनी तो कलकत्त्यात पाहिला आणि ते भारावून गेले. हे सगळं खरंच. पण त्यानंतर? त्यानंतर आपल्याकडे जपानी सिनेमा आला तो मुख्यतः फिल्म सोसायट्यांच्या खेळांमधून, वकिलातीकडून मिळालेल्या प्रिंटांवर, बऱ्याचदा 16 मिलिमीटरच्या. कुठल्यातरी शाळेचा हॉल, लाकडी खुर्च्या, मध्येच तुटणारी फिल्म, ओरखड्यांचा पाऊस, आणि पांढऱ्या किमोनोवर पांढरी सबटायटल्स, वाचायची सोय नाही! या मंडळींनी हे सोसून सिनेमा पाहिला, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मुंबईत प्रभात चित्र मंडळ 1968 पासून हे काम करत आलंय, पुण्यात फिल्म अर्काइव्ह 1964 पासून आहे. त्यांच्याशिवाय ही नावं आपल्या कानावरसुद्धा पडली नसती. पण त्या फाटक्या प्रिंटला 'मूळ' म्हणायचं आणि माझ्या घरातल्या स्वच्छ, पूर्ण लांबीच्या डिस्कला 'वाटी' म्हणायचं, हे काही मला पटत नाही.

पूर्ण लांबीवरून आठवलं. 'सेव्हन सामुराय' 1954 सालचा, 207 मिनिटांचा. परदेशी धाडताना त्याला अशी काही कात्री लावली, की कित्येक देशांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं पाऊण तासाने किंवा त्याहूनही छोटा सिनेमा पाहिला, तोही मोठ्या पडद्यावर! पूर्ण सिनेमा पुढे सर्वसामान्य माणसाच्या हाती लागला तो व्हिडिओवर. आता सांगा, समुद्र कुठला आणि वाटी कुठली?

आणि ओझूचं तर विचारूच नका. 'टोकियो स्टोरी' 1953 चा. अमेरिकेत तो रीतसर प्रदर्शित व्हायला 1972 साल उजाडलं. "हा फारच जपानी आहे, बाहेरच्यांना कळायचा नाही" असा समज होता. तोच सिनेमा 2012 साली 'साइट अँड साउंड'च्या मतदानात जगभरच्या दिग्दर्शकांनी पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवला. मधल्या चाळीस वर्षांत काय झालं? टीकाकारांनी लिहिलं, महोत्सव झाले, हे आहेच. पण त्याबरोबर कॅसेट आली, लेझर डिस्क आली, डीव्हीडी आली. ज्या गावात ओझूचा एकही खेळ कधी झाला नाही, तिथल्या पोरांनी तो रात्री दोन वाजता आपापल्या खोलीत पाहिला. त्यातली काही पोरं पुढे दिग्दर्शक झाली असणार. (हा माझा तर्क, पण तुम्हीच विचार करा.)

नारुसेचं उदाहरण घ्या. मिकिओ नारुसेने ऐंशीच्या वर सिनेमे केले. 'फ्लोटिंग क्लाउड्स' 1955, 'व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स' 1960. दुसऱ्यात हिदेको ताकामिने गिन्झामधल्या बारची मॅनेजर आहे, रोज संध्याकाळी नको असताना तो जिना चढते आणि वर पोचली की चेहऱ्यावर हसू आणते. नोकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. पण कुरोसावाच्या तलवारींपुढे हा माणूस बाहेरच्या जगाला दिसलाच नाही. 2007 साली इंग्लंड-अमेरिकेत त्याच्या डिस्क निघाल्या तेव्हा कुठे माझ्यासारखीला तो भेटला. मी मोठ्या पडद्याची वाट बघत बसले असते तर अजून बसलेलीच असते.

अजून एक गंमत सांगते. जपानमध्ये 1958 साली चित्रपटगृहांत वर्षभरात 112 कोटींच्या वर तिकिटं विकली गेली. तो कळस. नंतर टीव्हीने धंदा खाल्ला. आणि बरोब्बर 1959 साली ओझूने काय केलं? 'ओहायो' नावाचा सिनेमा काढला (इंग्रजीत 'गुड मॉर्निंग'), ज्यात दोन भाऊ घरात टीव्ही हवा म्हणून हट्ट धरतात, बाप रागावतो, 'गप्प बसा' म्हणतो, तर खरोखरच मौनव्रत धरतात. शाळेतसुद्धा! बाप म्हणतो, टीव्हीमुळे देशात कोट्यवधी मूर्ख तयार होतील असं कुणीतरी म्हटलंय. आणि शेवटी? शेजाऱ्याला विक्रेत्याची नोकरी लागते, त्याला मदत म्हणून हाच बाप टीव्हीचं खोकं घरात आणतो. ज्या वस्तूने त्याच्या धंद्याच्या मुळावर घाव घातला, तिच्याकडे ओझू असं बघत होता. वैतागून नाही, हसून. मग त्याच्या भक्तांनीच एवढं सोवळं का पाळावं? आणि व्हीएचएस आणलं कुणी? जपानच्या जेव्हीसीनेच, 1976 साली!

आता थोडं तंत्राचं. ओझूने शेवटपर्यंत रुंद पडदा वापरला नाही. त्याची चौकट जवळजवळ चौकोनी, जुन्या टीव्हीच्या आकाराची. कॅमेरा जमिनीलगत, बहुतेक वेळा हललेला नाही, आणि माणसं चटईवर बसून जवळपास आपल्याकडे बघून बोलतात. कॅमेऱ्याची उंची चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी असं नेहमी म्हणतात, खरं तर ती त्याहूनही खाली असते. हा सिनेमा खुर्चीवरून मान वर करून बघण्यापेक्षा सतरंजीवर बसून, भिंतीला पाठ टेकून बघितला तर बिघडतं कुठे? माझं तर म्हणणं, खालीच बसा. एकदा करून बघा. ती खोली आपल्या खोलीला जोडलेली वाटायला लागते.

हां, सगळ्यांचं असं नाही. मिझोगुचीला लहान पडदा मारक आहे, हे मी मान्य करते. 'उगेत्सु' (1953) मधलं धुक्यातलं तळं, 'सान्शो' (1954) चा शेवटचा समुद्रकिनारा, काझुओ मियागावाचा कॅमेरा, दूरवर दिसणारी एवढीशी माणसं... तिथे वीस इंची टीव्हीवर खरंच काहीतरी हातून निसटतं. कुरोसावाच्या 'हाय अँड लो' (1963) मध्ये एका दिवाणखान्यात आठ-दहा माणसं रुंद पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी असतात आणि कोण कोणाकडे बघत नाही यातच सगळं नाट्य. पूर्वी टीव्हीसाठी असल्या सिनेमांचे दोन्ही काठ छाटून टाकत, तो तर निव्वळ खून. त्यामुळे मोठ्या पडद्यावर खेळ असला तर जरूर जा, मीही जाते. भांडण मोठ्या पडद्याशी नाहीच. भांडण 'तोपर्यंत बघूच नका' म्हणणाऱ्यांशी आहे.

आता दुसरी आघाडी, आणि ती जास्त अवघड, कारण समोर आमचे नातेवाईक आहेत. (मावशी, तू वाचत असशील तर रागावू नकोस.)

नव्या रुंद टीव्हीवर जुना सिनेमा लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. आल्या की आमच्याकडे कोणीतरी लगेच रिमोट उचलतं आणि चित्र ताणून पडदाभर करतं. पैसे मोजून घेतलेला टीव्ही रिकामा का ठेवायचा! मग सेत्सुको हाराचा चेहरा पुरीसारखा फुगतो. ताणायचं नसेल तर झूम करतात, म्हणजे वरून खालून मिळून जवळजवळ पाव चित्र गायब. ओझूचा पहिला रंगीत सिनेमा 'हिगानबाना' (1958). त्यात जमिनीवर एक लाल किटली असते. तिला काही काम नाही, कोणी तिच्याबद्दल बोलत नाही, पण ओझूने ती मोजूनमापून तिथे ठेवलीये. तुमच्या झूममध्ये सगळ्यात आधी तीच जायची. त्या काळ्या पट्ट्या म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे हो. भिंतीवर तसबीर लावली की उरलेल्या भिंतीलाही आपण तसबिरीने झाकतो का?

तसंच ते टीव्हीतलं 'स्मूद'वालं बटण. ते आधी बंद करा, नाहीतर 1953 चं ओनोमिची कालच्या मालिकेसारखं दिसतं. आणि दीडपट वेगाने बघणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही. जुन्या पाल पद्धतीच्या डिस्कवर सेकंदाला 24 ऐवजी 25 चित्रं पळायची, 136 मिनिटांचा 'टोकियो स्टोरी' साडेपाच मिनिटं आधीच संपायचा. तेवढंही मला टोचायचं. तुम्ही तर अख्खा पाऊण तास गिळताय!

बरं, या दोन्ही पक्षांना सोडून मला खरं बोलायचंय ते तिसऱ्याच गोष्टीबद्दल.

माझ्या आत्याला इंग्रजी येत नाही. वय 78. तिच्याबरोबर मी 'टोकियो स्टोरी' पाहिला तो असा: दोन वाक्यं झाली की पॉज, मी मराठीत सांगणार, पुन्हा प्ले. मध्ये चहा, मध्ये तिचं औषध. चार तास लागले. म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे येतात, डॉक्टर मुलाला वेळ नाही, पार्लरवाल्या मुलीला वेळ नाही, त्यांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवून देतात, तिथे रात्रभर गोंगाट. वेळ काढते ती एकटी विधवा सून, नोरिको. आईच्या अंत्यविधीनंतर जेवताना मुलगी शिगे आईचे अमुक कपडे मला हवेत म्हणते. इथे प्रत्येक जण शिगेला शिव्या घालतो. मीही घालत होते. आत्या म्हणाली, "तिला लोभी नको म्हणूस. तिला गाडी पकडायचीय. नंतर कधी मागणार ती?"

आणि थोड्याच वेळात पडद्यावर नोरिको धाकट्या क्योकोला साधारण हेच समजावते, की मुलं मोठी झाली की त्यांचा संसार वेगळा होतो, त्यांना वाईट समजू नकोस. आत्याने ते आधीच ओळखलेलं. कुठल्या थिएटरात मला हे ऐकायला मिळालं असतं? दर दोन वाक्यांनी थांबवलं म्हणून लोकांनी मला आधीच बाहेर काढलं असतं.

मी आजवर हातात धरलेल्या एकाही जपानी सिनेमाच्या डिस्कवर मराठी सबटायटल्स नव्हती. अमेरिकी आवृत्ती घ्या, ब्रिटिश घ्या. (रीजन कोडचा तमाशा वेगळाच. अमेरिकेची डीव्हीडी रीजन 1, आपलं 5.) म्हणजे गेली सत्तर वर्षं जपानी सिनेमा आपल्याकडे येतोय तो इंग्रजीच्या दारातून, आणि ज्यांना तो सगळ्यात आधी कळला असता त्या आत्या-माम्या दाराबाहेर. इंग्रजीत 'सिस्टर-इन-लॉ' म्हणजे नणंद, वहिनी, जाऊ, मेहुणी, काहीही! ज्या सिनेमात सगळा जीव नात्यांच्या अंतरात आहे, तिथे ही भाषा लंगडी पडते आणि आपली धावते. मराठीतला 'अहो आई'मधला 'अहो' इंग्रजीत आणून दाखवा!

म्हणून सोवळेवाल्या मित्रांना माझं सांगणं आहे की मोठ्या पडद्यासाठी उसासे टाकण्यात जेवढा वेळ जातो, त्यातला थोडा इकडे द्या. तुमच्यातल्या काहींना जपानी येतं. लेख उत्तम लिहिता. एकेक सिनेमा वाटून घेऊ. सबटायटलची फाइल म्हणजे शेवटी साधा मजकूर असतो, कुठून कुठपर्यंत दिसायचं ती वेळ आणि खाली ओळ. घाई करण्याचंही कारण आहे. ऑनलाइन सिनेमे आज आहेत, उद्या नाहीत. 'फिल्मस्ट्रक'सारखी जुन्या सिनेमांची अख्खी सेवा 2018 साली बंद झाली. आणि सिनेमे कायमचे हरवतात म्हणजे काय हे बघायचं तर यामानाका सादाओ बघा. 1938 साली, वयाच्या 28 व्या वर्षी, सैन्यात असताना चीनमध्ये गेला. वीसच्या वर सिनेमे केलेले, त्यातले आज पूर्ण असे तीनच उरलेत. ते तीन मी पाहिले ते घरीच.

मी 'ओहायो'पासून सुरुवात केलीये. भाच्याने फाइल कशी करायची ते शिकवलंय, चाळीसेक मिनिटांचं झालं. अडलंय ते पहिल्याच शब्दाशी. ती पोरं म्हणतात, मोठी माणसं उगीचच 'ओहायो', 'कसं काय', 'हवा छान आहे' असलं निरर्थक बोलत बसतात. तिथे 'सुप्रभात' लिहिलं तर आत्या हसणार नाही, कारण सुप्रभात आमच्या घरात कोणी कधी म्हणत नाही. 'काय, झाला का चहा?' असं सध्या लिहून ठेवलंय. पण ते संध्याकाळच्या प्रसंगातही चालतं, तिथेच घोटाळा होतोय. कुणाला याहून बरं सुचलं तर कळवा.