खाडीतल्या पायवाटेची डागडुजी श्रमदानातून व्हावी



कांदळवनातून जाणारी लाकडी पायवाट बांधताना तिच्या उद्घाटनाचा जेवढा विचार होतो, तेवढा तिच्या पुढच्या देखभालीचा होत नाही. खारे पाणी, ऊन आणि पावसाळा यांच्यापुढे लाकूड फार काळ तग धरत नाही. अशी वाट मोडकळीस आली की ती बंद करायची आणि नव्या निविदेची वाट बघायची, हा उपाय नव्हे. वनखात्याने आराखडा आणि साहित्य द्यावे, तज्ज्ञांची देखरेख ठेवावी आणि दुरुस्ती प्रशिक्षित स्थानिक स्वयंसेवकांवर सोपवावी, असे माझे म्हणणे आहे.

याचे कारण या कामाच्या स्वरूपातच आहे. खांबाचा जो भाग भरतीला भिजतो आणि ओहोटीला उघडा पडतो, तो आधी खराब होतो. खोल चिखलात हवा पोहोचत नसल्याने खालचा भाग तुलनेने टिकतो. साधे खिळे गंजतात, फळी सैल होते, आणि एका सैल फळीपायी अख्खी वाट धोक्याची ठरते. म्हणजे आज चार फळ्या, पुढच्या महिन्यात दोन बोल्ट, अशी ही बारीक पण सततची कामे. मोठ्या कंत्राटात ती बसत नाहीत, म्हणून साचत जातात. शिवाय खाडीत काम भरती-ओहोटी पाहूनच करावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी वर चढते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती असते, तेव्हा कामाला अधिक वेळ मिळतो. हे गणित कोळीवाड्यांना पाठ असते. आणि वाट बंद पडली तरी माणसे थांबत नाहीत, ती शेजारच्या चिखलात उतरतात. तिथे तिवराची श्वसनमुळे पेन्सिलींसारखी उभी असतात. त्यांच्यावाटे झाडाच्या मुळांना हवा मिळते. पावलांखाली तीच मोडतात. म्हणून नादुरुस्त वाट ही नसलेल्या वाटेपेक्षा वाईट.

हौशी लोकांना हे जमेल का, ही शंका रास्त आहे. पण अमेरिकेतील सुमारे 3,500 किलोमीटरच्या अपालाचियन पायवाटेची देखभाल मुख्यतः स्थानिक स्वयंसेवी मंडळे करतात. न्यू जर्सीतील पोचक दलदलीतून जाणारा तिचा लाकडी पूलमार्ग स्वयंसेवकांच्याच श्रमांतून उभा राहिला. ती पाणथळ जागा समुद्रकाठची नाही, पण अवघड काम शिस्तीने विभागले तर सामान्य माणसे ते पार पाडतात, एवढे त्यातून दिसते. आपल्याकडेही गडसंवर्धनासाठी आठवड्याची सुट्टी खर्ची घालणाऱ्या मंडळांची वानवा नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट कांदळवन सफर चालवतो. खाडीची जबाबदारी स्थानिकांवर टाकता येते, याचा हा घरचाच दाखला.

सरकारचे काम लोकांनी फुकट का करावे, असा आक्षेप येईल. सरकारने अंग काढून घ्यावे, असे मी म्हणतच नाही. खांबांची मजबुती तपासणे, वाटेची भारक्षमता ठरवणे आणि स्वयंसेवकांचा विमा ही खात्याचीच कामे. खाडीची जाण असलेल्या मच्छीमारांना बोलावले, तर त्यांना मजुरीही मिळालीच पाहिजे. सिमेंटची वाट जास्त टिकेल हे खरे. पण त्यासाठी जड सामान आत नेताना आजूबाजूचे कांदळवनच तुडवले जाईल. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेत मंजूर आराखड्यातील ठरावीक पट्ट्यांत कांदळवन पायवाटांना मुभा आहे, ती सरसकट बांधकामाची परवानगी नव्हे. कांदळवनात माणसाने पाऊलच ठेवू नये, हा सर्वांत वजनदार आक्षेप. मात्र 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इतक्या कडक शब्दांत संरक्षण दिले, तरी राडारोड्याचा भराव लोकांच्या नजरेआडच पडतो. दर महिन्याला दुरुस्तीला येणारा गट ही खाडीवरची फुकटची पहारेदारीच होय.

वनखात्याचा कांदळवन कक्ष 2012 पासून काम करतो आहे आणि ऐरोलीत त्याचे जैवविविधता केंद्रही आहे. कक्षाने यंदा पावसाळा सरताच एकाच वाटेवर हा प्रयोग करावा, तिथल्या दुरुस्तीची नोंदवही सर्वांना पाहायला खुली ठेवावी आणि वर्षअखेरीस खर्चाचा हिशेब कंत्राटी कामाच्या हिशेबाशेजारी मांडावा. श्रमदान महाग पडले, तर खुशाल निविदा काढावी.

– एक वाचक, ठाणे